छावणीलाही उंबरठा हवा

(निर्वासित व विस्थापितांच्या प्रश्नावर एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन. बोलण्याची मूळ धाटणी शक्यतो कायम ठेवली आहे.)



माझ्या वडिलांच्या जुन्या ट्रंकेत १९७१ सालच्या अखेरीची काही पत्रे आहेत. मजकूर घरगुतीच आहे. कुणाची प्रकृती, कुणाचे लग्न, शेतीची हालहवाल. परंतु त्या लिफाफ्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट चिकटवलेले आहे आणि त्यावर 'रिफ्यूजी रिलीफ' अशी अक्षरे आहेत. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हा जादा आकार बसवण्यात आला होता. सभागृहातील ज्येष्ठांना तो आठवत असेल. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे ९९ लाख माणसे भारतात आली. त्यांपैकी ६८ लाख माणसे ८२५ छावण्यांत राहत होती आणि उरलेल्यांना नातलगांनी, ओळखीपाळखीच्यांनी आसरा दिला होता. देश गरीब होता, युद्ध दाराशी होते, तरीही प्रत्येक घराने पाच पाच पैसे दिले.

आज मला या पाच पैशांपुढचा विचार आपल्यासमोर मांडायचा आहे. निर्वासितांविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा ते का आले, दोष कोणाचा, ते परत कधी जाणार, यावरच बोलतो. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्यांची उत्तरे मिळेपर्यंत ती माणसे कुठेतरी झोपत असतात, पाणी भरत असतात, त्यांच्या घरात बाळंतपणे होत असतात. त्या 'कुठेतरी'विषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. आज आपण त्याच जागेत थोडे फिरून येऊ.

तात्पुरते म्हणजे किती काळ?

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करतो. परक्या देशातून जीव वाचवण्यासाठी आलेला तो निर्वासित, आणि आपल्याच देशात घरदार सोडावे लागलेला तो विस्थापित. जम्मूच्या छावणीतील काश्मिरी पंडित हा कायद्याच्या भाषेत विस्थापित आहे. त्याला निर्वासित म्हटलेले त्याला स्वतःलाही रुचत नाही, कारण तो देश सोडून कुठेही गेलेला नाही. पण राहुटीत शिरणारे पावसाचे पाणी हा भेद पाळत नाही. म्हणून आज दोघांचाही विचार एकत्र करू.

आमच्या वृत्तपत्रात माझ्याबरोबर एक सिंधी गृहस्थ काम करीत असत. कुठे राहता असे विचारले की ते सहज म्हणत, "कॅम्प नंबर चार." उल्हासनगर हा शब्द क्वचितच त्यांच्या तोंडी येई. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकी उभारल्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. लांबच लांब बराकीत एका कुटुंबाचे घर कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे केवळ मध्ये टांगलेल्या तरटाच्या पडद्यावरून कळत असे. ऑगस्ट १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तिथे महानगरपालिका आहे, मोठी बाजारपेठ आहे, उद्योग आहेत. पण पाऊणशे वर्षांनंतरही पत्ता सांगताना माणसे कॅम्पचा क्रमांक सांगतात.

सरकारी कागदावर प्रत्येक छावणी तात्पुरतीच असते. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. १९९० मध्ये खोऱ्यातून बाहेर पडलेल्या पंडितांसाठी जम्मूजवळ जगती येथे दोन खोल्यांची घरे मिळाली, ती २०११ मध्ये. ऑक्टोबर १९९७ मध्ये मिझोराममधून त्रिपुरात आलेल्या ब्रू, म्हणजेच रियांग, जमातीच्या पुनर्वसनाचा करार झाला तो १६ जानेवारी २०२० रोजी. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी भाषक ल्होत्सांपा १९९० नंतर नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील सात छावण्यांत आले. त्यांना तिसऱ्या देशांत नेऊन वसवण्याचा मार्ग २००७ मध्ये खुला झाला. एकवीस वर्षे, बावीस वर्षे, सतरा वर्षे! छावणीत जन्मलेले मूल छावणीतच मतदानाच्या वयाचे होते. ज्याला आपण तात्पुरते म्हणतो, ते त्या मुलाचे संपूर्ण बालपण असते.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, छावणी उभारतानाच ती गावासारखी आखली पाहिजे. चार महिन्यांसाठी म्हणून जी चूक केली जाते, ती पुढे वीस वर्षे भोगावी लागते.

बनगावचा धडा

छावणीत माणसे कशाने मरतात? जे बंदुकीतून वाचलेले असतात, त्यांना तिथे अतिसार, गोवर, थंडी-ताप आणि आग गाठते. १९७१ च्या पावसाळ्यात पश्चिम बंगालच्या सीमेवरील छावण्यांत पटकीची साथ पसरली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात तर माणसे सांडपाण्यासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत संसार मांडून राहिली होती. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात जून महिन्यात डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले, तेव्हा पटकीच्या रुग्णांसाठी तिथे दोन खोल्या होत्या. रुग्ण जमिनीवर पडलेले, आणि ती जमीन त्यांच्याच वांत्या-जुलाबांनी भरलेली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले, आणि ते लावणारी प्रशिक्षित माणसे तर मोजकीच.

तोंडाने क्षार-साखरेचे पाणी दिल्यास पटकीचा रुग्ण वाचतो, हे प्रयोगशाळेत आणि चांगल्या रुग्णालयात तोवर दिसून आले होते. परंतु अशा गोंधळात, डॉक्टरांच्या देखरेखीवाचून, ते देता येईल असे फारसे कोणी मानत नव्हते. महालनबीसांपुढे दुसरा पर्याय नव्हता. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात पुड्या भरण्याचे काम कोलकात्यात सुरू झाले. बनगावला पिंपांमध्ये हे पाणी तयार होई आणि रुग्णाची आई, भाऊ, शेजारी, जो कोणी जवळ असेल तो भांडे भरून नेऊन पाजत असे. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण, जे अन्यत्र शंभरात तीसपर्यंत जात होते, ते ३.६ वर आले. आज घराघरांत असलेल्या 'ओआरएस'च्या पुडीला जगन्मान्यता मिळण्यात बनगावच्या त्या दोन खोल्यांचा फार मोठा वाटा आहे. डॉ. महालनबीस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांचा स्वतःचा जन्म पूर्व बंगालमधला होता, हेही येथे नमूद करायला हवे.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, छावणीतले बहुसंख्य मृत्यू टाळता येतात आणि त्यासाठी लागणारी साधने स्वस्त असतात. दुसरी अधिक महत्त्वाची. छावणीतला माणूस हा केवळ हात पसरून बसलेला याचक नसतो. त्याच्या हाती भांडे आणि नीट सूचना दिल्या, तर तोच परिचारक होतो.

पाणी, अंतर आणि दाराची कडी

मदतकार्याचे किमान निकष ठरवण्यासाठी अनेक सेवासंस्थांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन 'स्फिअर' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांची पुस्तिका पाहिली, की छावणीचा प्रश्न किती साध्या गोष्टींवर अवलंबून आहे, हे ध्यानात येते. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी. एका नळावर २५० पेक्षा अधिक माणसे नकोत. पाणी ५०० मीटरच्या आत हवे आणि त्यासाठी अर्ध्या तासाहून अधिक काळ रांगेत उभे राहावे लागू नये. वीस माणसांमागे एक शौचालय. डोक्यावरच्या छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा.

३८ चौरस फूट म्हणजे एक पलंग आणि त्याच्या कडेने चालायची वाट. हा काही ऐषआराम नव्हे. तरीही गर्दीच्या छावण्यांत एवढेही मिळत नाही. जम्मूच्या मुठी, मिश्रीवाला, पुरखू, नगरोटा येथील छावण्यांची कहाणी आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. बर्फाच्या प्रदेशातली माणसे ४५ अंशांच्या उन्हात कापडी राहुटीत आली. उष्माघाताने आणि सर्पदंशाने माणसे गेली. पुढे एकेका खोलीची घरे मिळाली. त्या एका खोलीत आजी-आजोबा, मुलगा-सून, वयात आलेली नात आणि अभ्यास करणारा नातू असे सगळे. सुनेने कपडे कुठे बदलायचे, आजारी आजोबांनी कुठे कण्हायचे आणि मुलाने कुठे वाचायचे? ज्या समाजात विद्येला सर्वोच्च स्थान होते, त्या समाजातल्या मुलाला पुस्तक उघडायला कोपरा नव्हता. जगतीला दोन खोल्या मिळाल्या, तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटले असेल, वीस वर्षांनी दोनच खोल्या? पण एक खोली आणि दोन खोल्या यांच्यामध्ये एक दार असते. आपण घराची मर्यादा म्हणतो, ती त्या दारापाशी सुरू होते.

किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली माणसे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. शेड तापते, वाजते आणि गळते. पण त्याहून अधिक छळतो तो आडोशाचा अभाव. हे त्या घरांतील स्त्रियांना विचारावे.

स्त्रियांच्या सुरक्षेविषयी आपण मोठमोठी भाषणे करतो. छावणीत ती सुरक्षा फार लहान वस्तूंत साठवलेली असते. शौचालय राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत आहे का? स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे आहे का? वाटेवर दिवा आहे का? दाराला आतून कडी आहे का? कडी नसेल तर स्त्रिया अंधार पडेपर्यंत थांबतात, त्यासाठी पाणी कमी पितात, आणि मग आजार जडतात. सरपणासाठी रानात लांब जावे लागत असेल, तर तीही धोक्याचीच वाट. एका कडीची किंमत ती काय? पण ती लावण्यासाठी आराखडा करणाऱ्यांच्या बैठकीत एखादी बाई बसलेली असावी लागते.

आगीला जात नसते

गर्दीच्या छावणीचा दुसरा शत्रू म्हणजे आग. १ मार्च २००८ रोजी नेपाळच्या गोल्धाप छावणीत आग लागली आणि बांबू व गवताच्या जवळजवळ सगळ्या झोपड्या भस्मसात झाल्या. मार्च २०११ मध्ये त्रिपुरातील नाईसिंगपाडा या ब्रूंच्या सर्वांत मोठ्या छावणीत आग लागून जीवितहानी झाली. २२ मार्च २०२१ रोजी बांगलादेशात कॉक्स बाजारजवळच्या रोहिंग्या छावणीत आग भडकली आणि सुमारे ४५ हजार माणसांचा निवारा गेला. तिथे भोवती काटेरी तारांचे कुंपण होते, त्यामुळे पळणेही कठीण झाले. रोहिंग्यांच्या प्रश्नावर या सभागृहात ठाम मते असतील, आणि देशाच्या सुरक्षेचा विचार त्यात अग्रभागी असणे स्वाभाविक आहे. पण मी आगीविषयी बोलतो आहे. झोपड्या एकमेकींना खेटून असल्या की आग आतल्या माणसाचे नाव विचारत नाही. दर ३०० मीटरला ३० मीटरची मोकळी पट्टी ठेवावी, दोन झोपड्यांत निदान दोन मीटरचे अंतर असावे, असे निकष आहेत. जागा अपुरी पडली की सर्वप्रथम या मोकळ्या पट्ट्याच भरल्या जातात. कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१८ पासून स्वयंपाकाचा गॅस देण्यास सुरुवात झाली, तेव्हा जंगलतोड घटली, धूर कमी झाला आणि स्त्रियांची रानातली वणवणही कमी झाली. एका शेगडीने तीन प्रश्न हलके केले.

शिधा आणि कागद

आता ब्रूंच्या छावण्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण महाराष्ट्रात त्यांच्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. उत्तर त्रिपुराच्या कांचनपूर भागात सहा छावण्या होत्या. प्रौढ व्यक्तीला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ आणि पाच रुपये, लहान मुलाला अडीच रुपये, यावर वर्षानुवर्षे संसार चालले. परत जाण्याच्या योजना अनेकदा आखल्या गेल्या. काही हजार माणसे गेली, पण बहुसंख्य गेली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिधा बंद करण्यात आला. उपासमार, रास्ता रोको, आणि मग शिधा पुन्हा सुरू. अखेर २०२० च्या करारानुसार सुमारे ३४ हजार माणसांना त्रिपुरातच वसवण्याचे ठरले. ३० बाय ४० फुटांचा भूखंड, घरासाठी दीड लाख रुपये, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षे दरमहा पाच हजार रुपये आणि शिधा. सगळे मिळून ६०० कोटींची योजना.

येथे मला एका आक्षेपाचा विचार करायचा आहे. तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. "छावणीत सोयी दिल्या, तर ही माणसे परत जाणारच नाहीत," असे म्हणतात. इतिहास काय सांगतो? १९७१ मध्ये भारताने छावण्यांत अन्न दिले, औषधे दिली, पाच पाच पैसे गोळा करून दिले. तरीही डिसेंबरमध्ये बांगलादेश स्वतंत्र होताच काही महिन्यांत बहुसंख्य निर्वासित आपापल्या गावी परतले. उलट ब्रूंच्या छावण्यांत हालअपेष्टांना तोटा नव्हता, शिधाही तोडून पाहिला, पण बावीस वर्षांत बहुतेक जण हलले नाहीत. अर्थ उघड आहे. माणूस घरी परततो तो तिथली भीती संपल्यावर. छावणीतला त्रास वाढवून ती भीती संपत नाही.

आक्षेपाची दुसरी बाजू मात्र खरी आहे, आणि ती नाकारू नये. छावणीच्या शेजारचे गावही बहुधा गरीबच असते. त्याच्या विहिरीवर, रानावर, मजुरीच्या दरावर ताण येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रूंच्या पुनर्वसनाविरुद्ध कांचनपूर भागात आंदोलन पेटले. पाणीसागर येथे त्याला हिंसक वळण लागले आणि प्राणहानी झाली. पाहुण्यांसाठी नळ आला आणि यजमान कोरडाच राहिला, की वैर आलेच. म्हणून छावणीसाठी जी पाण्याची योजना, शाळा किंवा दवाखाना होईल, त्यात शेजारच्या गावाचा हिस्सा पहिल्या दिवसापासून ठेवला पाहिजे.

संरक्षणाचा आणखी एक भाग म्हणजे कागद. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तरीही घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताचे संरक्षण नागरिकापुरते मर्यादित नसून प्रत्येक व्यक्तीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात स्पष्ट केले. नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये झाला आणि त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. शेजारच्या देशांतून आलेल्या अनेक हिंदू, शीख व अन्य कुटुंबांची प्रतीक्षा त्यामुळे संपण्याची वाट मोकळी झाली. पण दिल्लीच्या मजनू का टिल्ला किंवा आदर्शनगर येथे अशी कुटुंबे वर्षानुवर्षे विजेवाचून राहिली, हेही आपण विसरू नये. नागरिकत्वाचा कागद मिळेपर्यंत दिवा लागू नये, असा कोणताही धर्म नाही. छावणीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाची जन्मनोंद झाली पाहिजे. शिधापत्रिकेवर घरातील स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे असले पाहिजे, म्हणजे नवरा गेला किंवा सोडून गेला तरी तिचा तांदूळ थांबणार नाही.

आपल्या वाट्याचे काम

कार्यकर्त्यांनी यात काय करावे? संकट आले की आपण ट्रक भरतो, आणि त्यात जुन्या कपड्यांचे ढीग असतात. असे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले मी पाहिले आहेत. त्याऐवजी साबण द्या. झाकणाचे आणि तोटीचे पाण्याचे भांडे द्या, म्हणजे कोणाचा हात आत जाणार नाही. अंतर्वस्त्रे, मासिक पाळीसाठी लागणारे साहित्य, सौर कंदील, ओआरएसच्या पुड्या द्या. आणि ट्रक निघण्यापूर्वी तिथल्या माणसांना, विशेषतः तिथल्या बायकांना, काय हवे ते विचारा.

दुसरे, छावणीचा कारभार शक्य तेवढा छावणीतल्यांच्या हाती सोपवा. नेपाळमधील ल्होत्सांपांनी निवडून दिलेल्या समित्या छावणीचे दैनंदिन काम पाहत असत आणि त्यांच्यातलेच शिक्षक शाळा चालवीत. त्यांपैकी एक लाखाहून अधिक माणसे पुढे परदेशी गेली, बहुतेक अमेरिकेला. तिथे उभे राहताना बांबूच्या शाळेतले शिक्षण त्यांच्या गाठीशी होते.

तिसरे, वस्तूंपेक्षा सातत्य द्या. पहिल्या महिन्यात छावणीत पाहुण्यांची आणि छायाचित्रकारांची रीघ असते. माझ्या व्यवसायाचा दोष मी लपवत नाही. आम्ही पत्रकार पहिल्या आठवड्यात जातो आणि मग एकदम दहाव्या वर्धापनदिनी उगवतो. मधल्या नऊ वर्षांत आठवड्याला एक दिवस अभ्यास घेणारा शिक्षक, महिन्याला एकदा येणारा डॉक्टर, जन्मदाखल्याचा अर्ज भरून देणारा निवृत्त कारकून यांची गरज असते. हे काम दिसत नाही, पण ते करण्याची सवय आपल्या घरांत आहे.

ट्रंकेतल्या त्या पत्रांपैकी एक माझ्या आजीचे आहे. ती लिहिते-वाचते शिकलेली नव्हती, पत्र शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेले आहे. त्यावरही ते पाच पैशांचे तिकीट आहे. सीमेवरच्या कोणत्या छावणीत तिचे पाच पैसे पोहोचले, हे तिला कधीच कळले नसेल. आपल्याला आज ते कळू शकते, आपण तिथे जाऊही शकतो. जाल तेव्हा आधी शौचालयाच्या दाराला आतून कडी आहे का, तेवढे पाहून या.